शेन लानच्या घरातला गडी: तांग काळातल्या एका खुनाच्या तपासाची पूर्ण केस

पुरुषाचा वेष घेणारी चिनी बाई म्हटलं की मुलानचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण ती लढायला गेली होती. पुरुषाचा वेष घेऊन खुनाचा छडा लावणारी, आरोपीच्याच घरात राहून पुरावा गोळा करणारी आणि शेवटी अख्खी टोळी सरकारच्या हवाली करणारी जी बाई चीनच्या जुन्या नोंदींमध्ये आहे ती म्हणजे श्ये श्याओ-अ, आणि तिचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ही केस पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतेय, आणि मुद्दाम तपास म्हणूनच मांडतेय, कारण तिच्यावर आजवर जे लिहिलं गेलं त्यात तपास सोडून बाकी सगळ्याचं कौतुक झालंय.

आधी हे कळलं कुठून ते सांगते. काळ नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, तांग घराण्याचा सम्राट श्यानझोंग गादीवर, त्याच्या कारकिर्दीला युआनहे म्हणतात, म्हणजे 806 ते 820. सगळा वृत्तांत लिहिला ली गोंगझुओ नावाच्या एका अधिकाऱ्याने, जो स्वतः या प्रकरणात एकदा मध्येच येतो आणि निघून जातो. पुढे तांग घराण्याचा जो नवा सरकारी इतिहास 1060 मध्ये पूर्ण झाला त्यात आदर्श स्त्रियांच्या चरित्रांमध्ये तिची नोंद घेतली गेली. लीच्या वृत्तांतात स्वप्नंबिप्नं आहेत, लेखणीचा हातही फिरलाय, त्यामुळे ही काही पोलीस डायरी नाही. पण तारखा, गावं, माणसं एकमेकांशी जुळतात, आणि तिने काय केलं हा भाग इतका व्यवहारी आहे की तो वाचताना माझा तरी विश्वास बसतो.

घटना अशी. श्याओ-अ युझांगची, म्हणजे आजचं नानचांग, ज्यांगशी प्रांतात. बाप व्यापारी. आठ वर्षांची असताना आई गेली. लग्न लीयांगच्या दुआन ज्यूझेनशी झालं, हा शब्दाला जागणारा, मित्रांसाठी जीव टाकणारा माणूस. बापाकडे पैसा बक्कळ होता पण तो फार पुढेपुढे न करता व्यापाऱ्यांच्यात मिसळून राहायचा, सासरा-जावई एकाच बोटीवर माल भरून नद्या-सरोवरांतून फिरायचे. श्याओ-अ चौदा वर्षांची होती (चिनी हिशेबाने, म्हणजे आपल्या हिशेबाने तेराच्या आसपास) तेव्हा बोटीवर दरोडा पडला. बाप मारला, नवरा मारला, सोनं आणि रेशीम सगळं नेलं, नवऱ्याचे भाऊ, बापाचे पुतणे, नोकरचाकर मिळून काही डझन माणसं नदीत बुडवली. हिच्या छातीला मार लागला, पाय मोडला, पाण्यावर वाहत गेली, दुसऱ्या एका बोटीने उचलली आणि रात्र उलटल्यावर शुद्धीवर आली.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हा दरोडा कसल्या प्रकारचा होता हे कळलं की पुढचं सगळं कळतं. साधारण तीसेक वर्षांनी कवी दू मू, जो यांगत्से नदीकाठच्या एका जिल्ह्याचा प्रमुख होता, त्याने नदीवरच्या दरोडेखोरांबद्दल मंत्र्याला एक सविस्तर पत्र लिहिलं. तो म्हणतो की या टोळ्या कमीत कमी वीस-तीस आणि मोठ्या असल्या तर पन्नास-शंभर माणसांच्या, दोन-तीन बोटी घेऊन निघतात, व्यापाऱ्यांना लुटतात आणि तान्हं मूलसुद्धा जिवंत ठेवत नाहीत. का, तर साक्षीदार नको. आणि लुटीतलं भारी रंगीत रेशीम शहराच्या बाजारात विकायची त्यांची हिंमत होत नाही, ओळखलं जाईल, म्हणून ते डोंगरातल्या चहाच्या मुलखात नेऊन चहाच्या बदल्यात खपवतात. म्हणजे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, या धंद्यात कुणी जिवंत उरत नाही, श्याओ-अ उरली हा टोळीचा एकुलता एक हलगर्जीपणा. दुसरी, चोरीचं उंची कापड विकणं अवघड असतं, त्यामुळे ते घरात पडून राहू शकतं.

जीव वाचल्यावर ती भीक मागत मागत शांगयुआनला पोचली, म्हणजे आजच्या नानजिंगला, आणि म्याओग्वो मठातल्या जिंगवू नावाच्या भिक्षुणीकडे राहिली. मधल्या काळात तिला स्वप्न पडलं, बाप सांगतोय की मला मारणारा म्हणजे गाडीतलं माकड, दाराच्या पूर्वेचं गवत. काही दिवसांनी नवरा स्वप्नात आला, मला मारणारा म्हणजे धानातून चालणारा, एका दिवसाचा नवरा. दोन्ही मिळून बारा चिनी अक्षरं. तिने ती लिहून घेतली आणि वर्षानुवर्षं भेटेल त्या शहाण्या माणसाला दाखवत राहिली, कुणाला अर्थ लागेना.

स्वप्नाचं काय करायचं हा प्रश्न ही केस वाचणाऱ्या प्रत्येकाला पडतो. ज्यांना मान्य आहे त्यांनी मानावं. माझं मत असं की ही मुलगी त्या बोटीवर होती, मार खाऊन पडली होती, दरोडेखोर एकमेकांना हाका मारत असणारच, कानावर काहीतरी पडलं असणार. आणि अशा भयंकर प्रसंगात ऐकलेलं मनात कुठल्या रूपात वर येतं याचा नेम नसतो. शिवाय एका अनाथ, विधवा, भीक मागणाऱ्या पोरीने "मला वाटतं अमुक माणसाने केलं" म्हटलं तर कोण ऐकणार, पण मेलेला बाप स्वप्नात येऊन सांगतो म्हटल्यावर मोठमोठे विद्वान कागद हातात घेतात. हा माझा अंदाज, वृत्तांतात असं काही नाही.

813 च्या वसंतात ली गोंगझुओ ज्यांगशीतली नोकरी संपवून बोटीने पूर्वेकडे निघाला होता, वाटेत नानजिंगला वाग्वान मंदिराच्या मजल्यावर चढला. तिथे छीवू नावाचा भिक्षू त्याच्या ओळखीचा, तो म्हणाला की एक विधवा येते, बारा अक्षरांचं कोडं दाखवते, मला काही सुटत नाही. लीने ते कागदावर लिहून घेतलं, कठड्याला रेलून हवेत बोटाने अक्षरं गिरवत बसला, आणि बरोबरची माणसं कंटाळायच्या आत त्याला सुटलं. गाडीच्या अक्षराची वरची आणि खालची रेघ काढली की "शेन" हे अक्षर उरतं, आणि बारा वर्षांच्या चक्रात शेन म्हणजे माकडाचं वर्ष. गवताच्या खुणेखाली दार आणि दारात पूर्व लिहिलं की "लान" होतं. धानातून चालणं म्हणजे शेतातून आरपार जाणं, शेताच्या अक्षरातून रेघ आरपार काढली की पुन्हा शेन. नवऱ्याच्या अक्षरावर आणखी एक रेघ आणि खाली दिवस म्हणजे सूर्य, की झालं "चुन". बापाला मारणारा शेन लान, नवऱ्याला मारणारा शेन चुन. मंदिरातल्या पोराला पाठवून श्याओ-अला बोलावून घेतलं, तिला सांगितलं. ती खूप रडली, नमस्कार केला, ती चार अक्षरं आपल्या कपड्याच्या आत लिहून ठेवली, लीचं नाव-गाव-हुद्दा विचारून घेतला आणि गेली.

लीने केलं ते एवढंच, आणि ते हुशारीचं होतं यात वाद नाही. पण बघा, तो सरकारी अधिकारी राहिलेला माणूस, त्याने कुठल्या कचेरीत चिठ्ठी पाठवली नाही, कुणाला तपास करायला सांगितलं नाही, दोन नावं सांगितली आणि बोट पुढे गेली. ती नावं तरी काय होती, पत्ता नाही, गाव नाही, चेहरा नाही. यांगत्से आणि तिची सरोवरं धरली तर हजारो गावं.

मग ती कचेरीत का गेली नाही? याचं उत्तर तांग कायद्यात आहे. 653 ची जी टीकेसकट संहिता त्यात खोट्या फिर्यादीचा नियम स्पष्ट आहे, ज्या गुन्ह्याचा खोटा आरोप कराल त्याची शिक्षा तुम्हालाच. दरोड्यात माणूस मारला तर शिरच्छेद. म्हणजे स्वप्नातल्या कोड्याच्या जोरावर दोन माणसांवर दरोडा आणि खुनाची फिर्याद केली असती आणि ती शाबीत झाली नसती तर मान हिचीच गेली असती. पुरावा आणल्याशिवाय फिर्याद नाही हे तिला कुणी समजावलं होतं की तिचं तिलाच कळलं माहीत नाही, पण ती वागली मात्र अगदी तसं.

तिने पुरुषाचे कपडे घातले आणि नदीकाठच्या गावांतून मजुरी करत फिरायला लागली. वेष कसा निभावला यावर लीने एक ओळसुद्धा खर्च केलेली नाही, त्यामुळे त्या काळाबद्दल जे माहीत आहे त्यावरून सांगते. तांग काळात पुरुषही केस कापत नसत, लांब केसांचा बुचडा डोक्यावर आणि त्यावर काळं फडकं बांधलेलं, तेव्हा केसांचा प्रश्न मिटला. बायकांचे पाय बांधायची पद्धत अजून आली नव्हती, ती तांगनंतर पसरली, त्यामुळे ही इतर गड्यांसारखी चालू शकत होती, ओझं उचलू शकत होती (एकदा मोडलेल्या पायाने, हे विसरू नका). आधीच्या शतकात दरबारातल्या बायकांमध्ये पुरुषी झगे आणि बूट घालायची फॅशनच होती, थडग्यांमध्ये तशा मातीच्या बाहुल्या भरपूर सापडल्यात. पण त्या बायका बायका म्हणूनच ओळखल्या जायच्या, ती हौस होती. हिला चोवीस तास मजूर पुरुषांमध्ये खायचं, झोपायचं, आजारी पडायचं होतं. आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने होती, 780 च्या करसुधारणेपर्यंत आणि त्यानंतरही गाव सोडून भटकणारी माणसं इतकी झाली होती की परका मजूर दारात उभा राहिला तर त्याचा वंश कुणी विचारत नसे.

वर्षभराहून जास्त असं फिरल्यावर ती श्युनयांगला पोचली, आजचं ज्यूज्यांग, जिथे पोयांग सरोवराचं पाणी यांगत्सेला मिळतं, म्हणजे नदीवरच्या धंद्याचा, आणि दरोड्यांचाही, नाक्याचा पॉइंट. तिथे एका बांबूच्या फाटकावर कागद चिकटवलेला: गडी पाहिजे. ती आत गेली, मालकाचं नाव विचारलं, शेन लान.

इथे कुणीही दुसरं असतं तर त्याच रात्री सुरी काढली असती आणि पकडलं गेलं असतं. तिने नोकरी धरली. आणि दोन वर्षांहून जास्त काळ ती टिकवली. शेन लानचं मन असं जिंकलं की घरातल्या सोन्या-रेशमाची आवकजावक, सगळा हिशेब तिच्या हातात आला. व्यापाऱ्याची मुलगी, लिहिता-वाचता येणारी, माल ओळखणारी, त्याला असा प्रामाणिक गडी मिळून मिळणार कुठे? तिला हवं होतं तेच घडत होतं, कारण हिशेब हातात म्हणजे कोठारात जायची मुभा, आणि कोठारात काय होतं, तर तिच्या माहेरचं जरीचं कापड, कपडे, भांडी. दू मूने सांगितलेलं आठवा, उंची माल विकता येत नाही म्हणून पडून राहतो. लिहिलंय की दर वेळी जुनी वस्तू हातात घेतली की ती गुपचूप बराच वेळ रडायची. मला या केसमधला सगळ्यात खरा क्षण हाच वाटतो, यादी करताना बापाचं कापड हातात येणं आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की चेहरा पुसून पुन्हा आकडे लिहायला बसणं.

कोड्याने जे दिलं ते नाव, आणि हा मात्र पुरावा. आता शेन लान म्हणजे नुसता स्वप्नातला शब्द राहिला नाही, चोरीच्या मालासकट समोर होता. तरीही ती थांबली, कारण एकच हाती लागला होता. शेन चुन हा त्याचा भाऊबंद, नदीच्या उत्तरेला दूशूपूला राहायचा, दोन्ही घरांचं येणंजाणं भरपूर. दोघं मिळून निघायचे, महिना-महिना गायब, परतताना माल आणि पैसा. जाताना घर राखायला कोण, तर लानची बायको आणि हा विश्वासू गडी. त्या दिवसांत तिला पळता आलं असतं, कचेरी गाठता आली असती, पण टोळी बाहेर असताना बोंब मारली तर टोळी परत आलीच नसती. त्याऐवजी ती काय करत होती तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साथीदाराचं नाव ध्यानात ठेवत होती. काही डझन माणसं. कुणाला संशय न येता.

817 चा उन्हाळा. एक दिवस चुन मासे आणि दारू घेऊन लानकडे आला. संध्याकाळी सगळे साथीदार जमले, पिणं झालं, मग एकेक करून बाकीचे निघून गेले. चुन पिऊन आतल्या खोलीत आडवा, लान बाहेर अंगणात झोपलेला. तिने आधी चुनच्या खोलीला बाहेरून कडी घातली. मग सुरी काढून लानचं डोकं उडवलं. मग ओरडून शेजारीपाजारी जमवले.

या क्रमाकडे नीट बघा. आधी कडी, म्हणजे दुसरा आरोपी जिवंत आणि कोंडलेला. शेजाऱ्यांना हाक, म्हणजे साक्षीदार जागेवर आणि मालाची झडती सगळ्यांसमोर. लुटीचा माल निघाला तो कोटीच्या घरात, तांब्याच्या नाण्यांत मोजला तर. आणि अधिकारी आल्यावर तिने नावं दिली, त्यावरून टोळीतले सगळे पकडले गेले आणि मारले गेले. सूडाने आंधळी झालेली बाई असं काम करत नाही. लान तिने स्वतःसाठी ठेवला, बाकी सगळं कायद्याला दिलं.

लानला मारणं मात्र कायद्यात बसत नव्हतं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. दरोडेखोराला कुणीही पकडू शकत होतं, हत्यार घेऊन उलटला आणि त्यात मेला तर पकडणाऱ्याला माफी, पण प्रतिकार न करणाऱ्याला मारलं तर मारणारा गुन्हेगार, आणि झोपलेला माणूस कसला प्रतिकार करणार. बापाच्या खुनाचा बदला यावर तर नुकताच मोठा वाद झाला होता. 811 मध्ये लियांग युए नावाच्या माणसाने बापाच्या मारेकऱ्याला मारलं आणि स्वतः हजर झाला, तेव्हा हान यू या विद्वान अधिकाऱ्याने राजाला लिहिलं की शास्त्र म्हणतं बदला घे, कायदा म्हणतो खुनाला मृत्युदंड, म्हणून असं प्रत्येक प्रकरण वर पाठवून तिथे विचार करून ठरवावं. लियांग युएला शंभर फटके आणि दूर दक्षिणेला हद्दपारी झाली. म्हणजे जीव वाचू शकतो पण मोकळं सोडतीलच असं नाही, अशी स्थिती. श्युनयांगचा अधिकारी, झांग आडनावाचा, त्याने तिची बाजू घेतली, तिचं धैर्य वर कळवलं आणि तिची मृत्युदंडातून सुटका झाली. तो पुरावा, ते साक्षीदार, ती नावं यांच्याशिवाय झांगला बाजू घेता आली असती असं मला वाटत नाही.

गावी परतल्यावर मोठ्या घरांतून मागण्या आल्या, तिने नाही म्हटलं, केस उतरवले, आणि 818 मध्ये सझोउच्या काइयुआन मठात भिक्षुणीची दीक्षा घेतली. त्याच उन्हाळ्यात ली राजधानीकडे जाताना तिथल्या एका मठात थांबला. नव्या भिक्षुणींच्या रांगेतली एक त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिने त्याला लगेच ओळखलं, त्याला काही आठवेना. तिनेच सगळं सांगितलं, आणि म्हणून आज आपल्याला माहीत आहे. थोडक्यात, या तपासाची मूळ साक्ष तिची स्वतःची आहे.

आणि लीने शेवटी निष्कर्ष काय काढला? बाप आणि नवऱ्याचा सूड घेतला ही निष्ठा, गड्यांमध्ये राहूनही बाई असल्याचं कुणाला कळलं नाही हे शील, आणि बाईच्या जातीला हे दोनच गुण शेवटपर्यंत सांभाळायचे असतात. सरकारी इतिहासात तर तिची नोंद दुआन ज्यूझेनची बायको म्हणून आहे. चीनमध्ये त्याच काळातल्या आणि आधीच्या न्यायाधीशांना, डी रेनज्येसारख्यांना, पुढे तपासनीस म्हणून अजरामर केलं गेलं. हिने वेष घेऊन दोन वर्षं पाळत ठेवली, मुद्देमाल ओळखला, साथीदारांची यादी केली, अटकेची वेळ निवडली, आणि नोंद झाली पातिव्रत्याची. कोडं सोडवणाऱ्याचं कौतुक सगळीकडे, कोड्याच्या उत्तराचा पुरावा उभा करणारीचं नाही, हे मला पटत नाही.

एक माणूस राहिलं, शेन लानची बायको. दोन वर्षं तिने या गड्याला खाऊपिऊ घातलं, कपडे दिले, नवरा बाहेर असताना दोघीच घर सांभाळत होत्या. नवऱ्याचा धंदा तिला ठाऊक असणार, पण दरोड्यात ती नव्हती. तांग कायद्यात एकाच घरातली तीन निरपराध माणसं मारणाऱ्याच्या बायकोमुलांना दोन हजार ली (अंतराचं चिनी माप) दूर पाठवायची तरतूद होती, त्यामुळे तिच्यावरही काहीतरी आलं असणार असं वाटतं. सुटकेनंतर श्याओ-अने तिच्याबद्दल अधिकाऱ्यांना काय सांगितलं असेल, हा प्रश्न लीने तिला मठात विचारायला हवा होता.